तीन नंबरची चाल

दुपारी अडीचच्या सुमाराला वैद्य पाणी प्यायला उठले, आणि सूनबाईच्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या दारापाशी त्यांचा पाय अडला. आत तीन नंबर चालू होता. आधी त्यांना त्याचं नवल वाटलंच नाही. तीस वर्षं जो आवाज झोपेत, जेवणात, तापात, भांडणात अंगाखालून वाहत होता, तो पुन्हा सुरू झाला तर माणूस दचकत नाही. उलट इतके दिवस काहीतरी बंद होतं, हे त्याला तेव्हा कळतं. रिकामा पेला हातात धरून ते सवयीने मोजू लागले. तीन लांब, एक आखूड. तीन लांब, एक आखूड. आखूड ठोक्यानंतर एक बारीकशी ओढ, दातात दोरा अडकावा तशी. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण मुलाच्या घरात चौथ्या मजल्यावर उभे आहोत, पंपहाऊस इथून एका दिवसाच्या प्रवासावर आहे, आणि ते पाडूनसुद्धा अकरा वर्षं झाली.

"सूनबाई," त्यांनी दारातूनच विचारलं, "तीन नंबर कुणी लावला?"

सूनबाई चष्म्यांच्या एका कंपनीसाठी घरून काम करायची. दिवसभर कॉम्प्युटरवर फ्रेमची चित्रं काढायची. नाकावर बसणारा तो छोटा पूल तिने कितीदा काढला असेल याला गणती नव्हती. काम करताना काहीतरी बारीक आवाजात चालू ठेवायची तिला सवय होती. तिने मान वळवली. "काय लावलं?"

"हा पंप."

"बाबा, हा पंप नाही. गाणं आहे. म्हणजे गाणं नाही म्हणता येणार, पण संगीत आहे."

"असू दे की. मागचं बेअरिंग जातंय त्याचं."

ती हसली, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली. दोन वर्षं ते या घरात राहत होते. चहा झाला का, औषध घेतलं का, दार लावून घ्या, यापलीकडे दोघांत बोलणं असं फारसं झालं नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. तिने शेजारची खुर्ची ओढून दिली आणि आवाज थोडा वाढवला.

वैद्य हे त्यांचं नाव नव्हतं, आणि ते वैद्यही नव्हते. पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये ते बावीस वर्षांचे असताना ग्रीस भरायला लागले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पण कान होता. वीतभर लाकडी दांडी असायची त्यांच्याजवळ, एका जुन्या फावड्याच्या मुठीतून कापून घेतलेली. तिचं एक टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. आत काय चाललंय ते दांडीतून चालत यायचं. वंगण संपलंय, गोळी झिजलीये, पंपाने हवा धरलीये, कपलिंगचा बोल्ट ढिला आहे. वरिष्ठ साहेब मशीन उघडून जे अर्ध्या दिवसात सांगायचे ते हे मिनिटभरात सांगायचे, आणि तेच निघायचं. पहिल्यांदा निघालं तेव्हा लोक म्हणाले, लागला नेम. दहाव्यांदा निघालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, हा नाडी बघतो रे, वैद्य आहे वैद्य. तेव्हापासून पगाराच्या कागदावरचं नाव फक्त कागदावरच राहिलं.

पंप तीन होते. एक आणि दोन नंबर जुळ्या भावांसारखे, एकाच दमात चालणारे. तीन नंबर वेगळा. त्याचा दांडा एकदा वाकला होता आणि कारखान्यात नेऊन सरळ करून आणला होता, पण एकदा मोडलेल्या पायाची चाल काही पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. तीन लांब, एक आखूड. नवीन आलेला साहेब दरवेळी म्हणायचा, हा पंप बदलून टाकू. वैद्य म्हणायचे, लंगडतो पण थांबत नाही, राहू द्या. तो राहिला. वैद्य रिटायर झाले तरी तो राहिला.

"कुठे केलंय हे टेप?" त्यांनी विचारलं.

सूनबाईने पडद्यावर वाचून पाहिलं. जिने केलं तिचं नुसतं टोपणनाव होतं, शहराचं नाव नव्हतं. एक चौकोनी राखाडी चित्र होतं, ज्यात नुसत्या आडव्या रेघा. खाली काही खुणेचे शब्द: ड्रोन, म्हणजे सलग घुमणारा एकच सूर, नॉइज, घरगुती. ही साइट कशी चालते ते तिने सांगितलं. कुठलीही कंपनी नाही, गाजलेलं कुणी नाही. ज्याने केलं त्याने आपलं आपण इथे टांगून ठेवायचं, ज्याला सापडेल त्याने ऐकायचं. कुणी आपल्या झोपायच्या खोलीत करतं, कुणी गॅरेजमध्ये. हे तिला काल सापडलं, चार-पाच जणांचं ऐकत ऐकत, एकाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर जात. "कॉलेजपासून नाद आहे मला," ती म्हणाली, जरा अपराध्यासारखी. "तुमचा मुलगा म्हणतो, मिक्सर बिघडल्यासारखं काय ऐकतेस."

"मिक्सरचं त्याला काय कळतंय," वैद्य म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले. परत आले ते दांडी घेऊन. त्यांनी दांडीचं टोक टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर टेकवलं, दुसरं कानामागे, आणि डोळे मिटले. सूनबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. खालच्या मजल्यावर एक शिवणाच्या बाई राहायच्या, त्यांच्या मशीनची खटखट फरशीतून येत होती. वैद्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "तिच्या मशीनचा पट्टा सैल झालाय. आणि हा तीन नंबरच आहे. पाडायच्या आधी कुणीतरी येऊन टेप करून नेला असणार."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की त्यामागे काय धडधडत होतं ते तिला कळायला वाव नव्हता. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलालाही नाही.

पंपहाऊसला लागून क्वार्टर होती. दोन खोल्या, मागे मोरी, आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला धरून तीन नंबरचा मोठा नळ टाकीकडे चढत गेलेला. तो नळ कायम गार असायचा, त्याला कायम घाम फुटलेला असायचा, आणि उन्हाळ्यात बायको त्याला पाठ लावून भाजी निवडत बसायची. लग्न होऊन आली तेव्हा आठ दिवस तिला झोप लागली नाही, त्या घरघरीने. महिन्याभराने वीज गेली आणि तिन्ही पंप एकदम बंद पडले, तेव्हा ती दचकून जागी झाली आणि म्हणाली, "काय झालं, कोण गेलं?" पुढे कितीतरी वर्षं हे सांगून दोघं हसत. पंपांच्या आवाजात हाक मारून उपयोग नसायचा. तेव्हा तिनेच शोधून काढलं: मोरीच्या खिळ्याला एक जुना पाना टांगलेला असायचा, तो घेऊन नळावर वाजवायचं. एकदा म्हणजे कुणीतरी आलंय. दोनदा म्हणजे जेवायला चला. तीनदा म्हणजे हातातलं टाकून या. दांडी तीन नंबरवर टेकलेली असली की ते ठोके थेट वैद्यांच्या हाडात उतरायचे. इतर कामगार म्हणायचे, वैद्यांची बायको त्यांना मशीनमधून बोलावते. तीनदा असं तिने आयुष्यात दोन वेळाच वाजवलं होतं. एकदा मुलाच्या वेळी पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा, आणि एकदा चुलीच्या वरचा पडदा पेटला तेव्हा. दोन्ही वेळा वैद्य धावत गेले, दोन्ही वेळा वेळेत पोचले.

अक्षरंही तिनेच शिकवली. वैद्यांचं वय झालं होतं अडतीस. वरून हुकूम आला की ज्याची पाळी त्याने आपल्या हाताने लॉगबुक भरायचं. वेळ, पंप, आवाज, अवस्था, असे चार रकाने. तोवर वैद्य आपल्या खुणा करायचे: नागमोडी रेघ म्हणजे ठीक, करवतीचे दात म्हणजे खडखड, टिंब म्हणजे गळती. साहेब म्हणाला, वैद्य, हे तुम्हाला कळेल, मला कळेल, पण ऑडिटला येणाऱ्या माणसाला कोण समजावणार. मग जेवणं झाली की ओट्याशेजारी पाटी घेऊन बसायचं. बायको सातवीपर्यंत शिकलेली. ती रागवायची नाही, फक्त गप्प बसायची, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट असायचं. ते आधी आपलं नाव लिहायला शिकले नाहीत. आधी 'सुरळीत' शिकले, कारण तो शब्द रोज आठ वेळा लागणार होता. लॉगबुकाचा एक नियम होता: खोडायचं नाही. चूक झाली तर ती तशीच ठेवायची, खाली नवी ओळ घ्यायची, 'दुरुस्ती' असं लिहायचं आणि सही करायची. तिला तो नियम फार आवडला होता. म्हणायची, घरातसुद्धा असं करता आलं तर किती बरं होईल हो, बोललेलं खोडायचं नाही, खाली सही करून दुरुस्ती.

आणि मग तो दिवस. एकोणीस वर्षं झाली त्याला. बारा चाळीसला वैद्य दांडी टेकवून तीन नंबरपाशी उभे होते आणि नळातून तीन ठोके आले. जड, दबके, धातूचा खणखणाट नसलेले. त्या आठवड्यात तीन नंबरच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह कुरकुरत होताच, परवाही असाच ठोकल्यासारखा वाजला होता. कानाने सांगितलं, व्हॉल्व्ह. बायकोचे ठोके कोरडे आणि सुटे यायचे, हे तसे नव्हते. ते गेले, व्हॉल्व्ह पाहिला, हाताने चाचपला, आणि येऊन ओळ लिहिली: बारा चाळीस. तीन नंबर. ठोके तीन, व्हॉल्व्ह पाहिला. सुरळीत. एक वाजला, दोन ठोक्यांची वाट पाहिली, ते आले नाहीत म्हणून घरी गेले. ती मोरीत भिंतीला टेकून बसली होती, नळाला पाठ लावून, उन्हाळ्यात बसायची तशीच. पाना जमिनीवर होता. पण पाना कधीकधी जमिनीवरही असायचा. मुलाने लहानपणी मोरीत खेळताना कितीदा पाडला असेल, तिने स्वतः घाईत कितीदा खिळ्याऐवजी खाली ठेवला असेल. डॉक्टर म्हणाले, हृदय. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं.

तेव्हापासून वैद्यांचं सगळं एका गोष्टीवर उभं होतं: कान चुकत नाही. तीस वर्षांत एकदाही चुकला नाही. कान म्हणाला व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्हच. तिने बोलावलंच नव्हतं. ती बसल्या बसल्या गेली, कुणाला त्रास न देता, आणि पाना आधीपासून खाली पडलेला होता. पण रिटायर झाल्यावर कानाला काम उरलं नाही, आणि काम नसलेल्या कानाबद्दल शंका येऊ लागली. आता इतक्या वर्षांनी, परक्या शहरातल्या कुणीतरी टांगून ठेवलेल्या आवाजात, त्याने तीन नंबर ओळखला होता. एका दारातून, हातात पेला असताना. हा जर तीन नंबर ठरला तर कान अजून शाबूत होता. आणि अजून शाबूत असेल, तर तेव्हा का नसेल.

"ज्या बाईने हे केलं तिला लिहिता येईल का काही?" त्यांनी विचारलं.

पानाखाली लिहायला जागा होती. वैद्यांनी कागदावर आपल्या ठसठशीत, एकेक अक्षर मांडत जाणाऱ्या हाताने मजकूर लिहून दिला, आणि सूनबाईने तो त्या बाईच्या भाषेत करून तिथे टाकला. 'नमस्कार. हा आमचा तीन नंबर पंप आहे. आपण तो कुठे व केव्हा टेप केला ते कृपया कळवावे. पंप अजून कुठे चालू असल्यास मागचे बेअरिंग ताबडतोब बदलावे, महिनाभरही टिकणार नाही. जवळ लहान मुलांस जाऊ देऊ नये.' दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई चहाच्या वेळी म्हणाली, "बाबा, तुमच्या मजकुराला चाळीस लोकांनी बदाम दिलाय."

"कशाबद्दल?"

"आवडलं म्हणून."

"बेअरिंग बदला म्हटलेलं आवडलं?" वैद्य म्हणाले. "मग बदलत का नाहीत?"

उत्तर लगेच आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वाट पाहताना नुसतं बसवत नाही म्हणून वैद्य ऐकू लागले. सूनबाईने आपला जुना टॅब्लेट त्यांना दिला आणि एकाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर कसं जायचं ते शिकवलं. दुपारी दोन ते चार ही त्यांची पाळी ठरली. रिटायर होताना साहेबाने आठवण म्हणून एक कोरं लॉगबुक दिलं होतं, ते त्यांनी ट्रंकेतून काढलं. तेच चार रकाने, तेच पुठ्ठ्याचं हिरवं कव्हर. एका दुपारी त्यांनी लिहिलं: 'दोन वीस. बर्फाच्या तळ्यात माइक सोडला आहे. तडे जातात, लांबून. सुरळीत.' दुसऱ्या दिवशी: 'तीन पाच. टेबलफॅनच्या पात्याला दोरा बांधला आहे. का, ते कळले नाही. पण बंद करावेसे वाटले नाही.' एकदा: 'दोन चाळीस. नुसती सूं. हवा धरली आहे. नवव्या मिनिटाला सुटते. तेवढ्यासाठी ऐकावे.' हे सगळे लोक कोण असतील, असं त्यांना वाटायचं. बंद खोल्यांत बसून तारा जोडणारे, फ्रिजला कान लावणारे, लिफ्टच्या खड्ड्यात माइक सोडणारे. आयुष्यभर आपण एकटेच असं करतो असं त्यांना वाटत होतं. पंपहाऊसच्या दारात जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते खेळायचे आणि ते दांडी घेऊन भिंतीशी, आणि सगळे म्हणायचे, वैद्य बुवा, आज काय म्हणतोय पेशंट. आता पडद्यावर शेकडो पेशंट होते आणि प्रत्येकाचा एकेक वैद्य. कधी एखाद्या तुकड्यात खोल खाली एक गुणगुण यायची आणि स्वयंपाकघरातल्या घामेजल्या नळाचा गारवा त्यांच्या पाठीला लागायचा. ओल्या सिमेंटचा, ग्रीसचा, कांद्याच्या पातीचा वास यायचा. ते तसेच बसून राहायचे, पाठ ताठ, जणू मागे खरंच कुणीतरी पाठ लावून बसलंय आणि हललो तर तिचा आधार जाईल.

मुलाचा फोन आला. तो जहाजावर नोकरीला होता, सहा महिने बाहेर, चार महिने घरी. "काय बाबा, ऐकतोय ते खरं का? तुम्ही दोघं मिळून मिक्सर ऐकता म्हणे."

"तुझ्या इंजिनरूमचा आवाज पाठव जरा," वैद्य म्हणाले. "काय दुखणं आहे ते सांगतो."

"नको. चीफ इंजिनियर आधीच घाबरट आहे." तो हसला, मग म्हणाला, "आईला आवडलं असतं हे सगळं. नाही?"

वैद्यांनी "हूं" केलं आणि फोन सूनबाईकडे दिला.

तेविसाव्या दिवशी उत्तर आलं. सूनबाईने ते आधी स्वतः वाचलं आणि मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली, तेव्हाच त्यांना काय ते कळलं. वाईट बातमी सांगायला माणूस आधी खुर्ची ओढतो. ती सावकाश वाचू लागली, एकेक वाक्य करून सांगत. लिहिणारी म्हणत होती, तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं तेव्हा हसता आलं नाही. तुमची माफी मागते, पण यात पंप नाही. कुठलंही यंत्र टेप केलेलं नाही. माझ्याजवळ तारांची एक छोटी पेटी आहे, तिच्यातून दोन सूर काढले, जवळजवळ सारखे पण अगदी सारखे नाहीत. ते एकमेकांवर आपटतात आणि लंगडल्यासारखं होतं. मागची ओढ येते ती पेटीचं एक बटण खराब आहे म्हणून. पंपहाऊस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण तुमचा पंप असा वाजत असेल तर मला तो ऐकायला आवडेल.

"पुन्हा वाच," वैद्य म्हणाले. तिने पुन्हा वाचलं.

दोन सूर जवळजवळ सारखे. हे तर त्यांना माहीत होतं. एक आणि दोन नंबर बरोबर चालू केले की त्यांच्यात असाच हेलकावा यायचा, वर्षानुवर्षं ऐकलेला. तरी इथे त्यांनी तो ओळखला नव्हता. त्यांना जे ऐकायचं होतं ते कानाने आणून दिलं होतं, इमानी कुत्र्याने काठी आणून द्यावी तसं. त्यांनी हिरव्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. खालून शिवणाच्या मशीनची खटखट येत होती. सैल पट्टा. की तेही नाही.

"एवढं काय बाबा," सूनबाई म्हणाली. "चुकलं तर चुकलं. एक पंप."

"एक नाही," ते म्हणाले. आणि मग, कधी कुणाला न सांगितलेलं त्यांनी तिला सांगितलं, रकान्यांच्या क्रमाने. वेळ. पंप. आवाज. अवस्था. पाना कुठे होता. डॉक्टरांनी कुठलं वाक्य अर्धं सोडलं. सांगताना त्यांचा आवाज हलला नाही, फक्त 'सुरळीत' म्हणायची वेळ आली तेव्हा तो शब्द तोंडातून निघेना. शेवटी त्यांनी तो बोटाने टेबलावर लिहून दाखवला.

सूनबाई रडली नाही आणि त्यांची समजूतही काढली नाही. तिने विचारलं, "कसा होता हो तो पंप? खरोखरचा?"

"तोंडाने कसं सांगणार?"

"तोंडानेच करा. ती मागतेय ना."

न्हाणीघरात आवाज घुमतो म्हणून दोघं तिथे गेली. सूनबाईने मोबाइल स्टुलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि दाराला टेकून उभी राहिली. वैद्यांनी भिंतीला हात लावला, डोळे मिटले आणि पोटातून हुंकार काढला. आधी एक आणि दोन नंबर, त्यांचा एकजीव दम. मग लंगडा. तीन लांब, एक आखूड. चौऱ्याहत्तर वर्षांची छाती, दम पुरेना, मधे खोकला आला, त्यांनी तो तसाच राहू दिला. कोपऱ्यात इमारतीचा उभा नळ होता, सगळ्या मजल्यांमधून गेलेला. हुंकार थांबवून ते आपल्या खोलीत गेले आणि ट्रंकेतून एक फडकं आणलं. फडक्यात पाना होता. त्यांनी नळावर दोनदा वाजवलं, कोरडं, सुटं. जेवायला चला. थोडं थांबले. मग तीनदा वाजवायला हात उचलला, आणि हातात जोर राहिला नाही. पाना जड झाला होता. तीन ठोके पडले, पण दबके, धातूचा खणखणाट नसलेले. ते ऐकून वैद्य जागच्या जागी थांबले. हा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला होता. नेमका हाच.

खालची खटखट बंद झाली. जिन्यावर चपला वाजल्या, एकच चप्पल खरं तर, दुसरा पाय अनवाणी. बेल वाजली आणि दारावर थापही पडली. सूनबाईने दार उघडलं. शिवणाच्या बाई होत्या, गळ्यात मोजपट्टी, धाप लागलेली. दोन वर्षांत त्या कधी वर आल्या नव्हत्या. ओठांत धरलेल्या दोन टाचण्या काढून त्यांनी कॉलरला टोचल्या आणि मग बोलल्या, "कोण पडलं?"

"कुणी नाही हो," सूनबाई म्हणाली. "बाबांचं जरा रेकॉर्डिंग चाललं होतं."

"पाइपवर वाजलं."

"हो, ते त्यांनीच."

"अगं बाई." त्यांनी भिंतीला हात टेकला. "दोनदा वाजलं तेव्हा म्हटलं असेल प्लंबर. मग तीनदा वाजलं. तेही असं, हातात जीव नसल्यासारखं. तशीच उठले."

वैद्य न्हाणीघराच्या दारात येऊन उभे होते, पाना हातात. "तुम्हाला कसं कळलं," त्यांनी विचारलं, "व्हॉल्व्ह नाही म्हणून?"

"कसला व्हॉल्व्ह?" बाई म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतंय. वाजलं, म्हणून आले."

वैद्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बसा. पाणी घ्या. तुमच्या मशीनचा पट्टा सैल आहे बहुतेक. बहुतेक म्हणतो. उद्या येऊन बघतो, हात लावून."

बाई पाणी पिऊन, एका चपलेने, मशीन अर्ध्यात सोडलंय म्हणत खाली गेल्या. मोबाइल आत स्टुलावर अजून चालूच होता. बेल, थाप, बाईंची धाप, सगळं त्यात गेलं होतं. सूनबाई म्हणाली, शेवटचं कापून टाकते. वैद्य म्हणाले, "काही कापू नकोस. असंच पाठव." मग ते टेबलाशी येऊन बसले. हिरवं लॉगबुक उघडलं, दोरा बांधलेल्या पंख्याच्या, बर्फाच्या तळ्याच्या ओळींच्या खाली नवी ओळ घेतली. पेन टेकवलं आणि एकेक अक्षर मांडत, तिने शिकवलं होतं तसं, घाई न करता लिहिलं:

दुरुस्ती. बारा चाळीस. तीन नंबर. ठोके तीन. हाक होती.

आणि खाली सही केली, पूर्ण नावाने.